घास अडतो तेव्हा

साताऱ्या-सांगलीकडे घास अडू लागला की ‘पित्त असेल’ म्हणून अनेक जण दुखणे अंगावर काढतात. पण भाकरीबरोबर पाणीही अडत असेल, वजन घटत असेल, तर ‘अ‍ॅकॅलेशिया’ची शंका घ्यावी. यात सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैलावत नाही. आजार बळावल्यावर नलिका फुगून वाकडी होते. जपानचे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८मध्ये यावर ‘पोएम’ उपचार सुरू केला. त्यात तोंडातून दुर्बीण घालून, अस्तराखाली बोगदा करून स्नायू आतूनच कापतात. पोटावर छेद नाही. नंतर काहींना जळजळ होते, त्यावर औषधे आहेत. अडथळ्यामागे कर्करोगही असू शकतो, म्हणून आधी एंडोस्कोपी हवीच. आपल्याच भागातील मिरजेत १८९४पासून रुग्णसेवेची परंपरा आहे. तेव्हा आपण तपासणीला उशीर करू नये.