बिघाड ऑपरेटरला आधी कसा कळतो?



शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असणार: "मालक, आवाज जरा वेगळा यायलाय." अलार्म नाही, जॉब गेजमध्ये ओके, तरी जुना ऑपरेटर मशीन थांबवतो. बघावं तर इन्सर्टची धार गेलेली!

ही जादू नाही. मेंदू नुसतं ऐकत नाही. पुढं काय ऐकू येणार, याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि आलेला आवाज त्याच्याशी ताडून बघतो. जुळला नाही की आत घंटी वाजते.

ही घंटी मोजताही येते. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विद्युत हालचाल टिपतात, तो ईईजी. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये घेतला. पुढं १९७८ मध्ये फिनलंडचे रिस्टो नॅटानेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकसारख्या आवाजात मध्येच वेगळा आवाज आला, तर साधारण पाव सेकंदाच्या आत मेंदूच्या लहरीत फरक दिसतो. लक्ष दुसरीकडं असलं तरी!

पण त्यासाठी 'नेहमीचा' आवाज आधी डोक्यात बसायला पाहिजे. नवीन पोराला रोज वेगळ्या मशीनवर फिरवलं, तर तो बसणार कधी?

आता दुसरी बाजू. अंदाज फार पक्का झाला तर तोच नडतो. कॅनडाच्या ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये पत्ते जुळवण्याच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्यात नियम न सांगता बदलतात. मेंदूच्या पुढच्या भागाची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण "चूक" ऐकूनही जुनाच नियम धरून बसायचे.

आपला मेंदू धडधाकट असूनही आपण म्हणतोच ना, "वीस वर्षं असंच चालतंय"? २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. २०२१ मध्ये पुन्हा तेच. मधल्या दोन वर्षांत कच्चा माल साठवायची, डिस्पॅच करायची तुमची पद्धत बदलली होती का? घंटी तर वाजली होती.

या आठवड्यात एवढंच करा. प्रत्येक मशीनजवळ एक वही ठेवा. ऑपरेटरला शंका आली, की वेळ, काय वेगळं वाटलं आणि तपासल्यावर काय निघालं, तिन्ही लिहा. शंका खोटी निघाली तरी ओरडू नका. एकदा ओरडलात, की पुढच्या वेळी घंटी त्याच्या डोक्यात वाजेल, पण तुमच्यापर्यंत येणार नाही. तुम्हाला कळेल ते थेट ग्राहकाच्या रिजेक्शनमधून.