समुद्रापासून चार हात दूर

फ्रान्समधल्या नीसहून इटलीच्या दिशेने जाणाऱ्या लोकल गाडीत बसलं, की पाव तासात एझ-सूर-मेर हे चिमुकलं स्टेशन येतं. एकीकडे निळाशार भूमध्य समुद्र, दुसरीकडे चुनखडीचा उभा कडा. उतरलेला प्रवासी एझ गाव शोधत राहतो आणि गाव असतं त्याच्या डोक्यावर, सुमारे ४३० मीटर उंचीवर.

समुद्र इतका जवळ असताना माणसं एवढ्या वर का राहायला गेली? कारण समुद्रातून मासे आणि व्यापार यायचा, तसे चाचेही यायचे. धाड पडली की धान्यच नव्हे, माणसंही उचलून नेली जात आणि गुलाम म्हणून विकली जात. १५४३ मध्ये फ्रान्सच्या राजाशी हातमिळवणी करून आलेल्या तुर्की आरमाराने शेजारच्या, तेव्हा फ्रान्सबाहेर असलेल्या नीसला वेढा घातला होता, यावरून इथल्या पाण्याचा भरवसा कळावा. म्हणून घरं शिखराला बिलगून, एकमेकांना खेटून बांधली. गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या. चौदाव्या शतकातला दुहेरी दरवाजा तर रायगडाचा महादरवाजा पाहिलेल्याला लगेच उमगतो: शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये, हीच अक्कल.

माथ्यावरचा किल्ला मात्र चाच्यांनी नाही, राजाने पाडला. एझ तेव्हा साव्हॉय घराण्याच्या ताब्यात होतं आणि युद्धाच्या धामधुमीत फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या हुकमावरून १७०६ मध्ये तो जमीनदोस्त झाला. पुढे १८६० मध्ये मतदान होऊन नीस परगण्याचा बहुतेक भाग फ्रान्समध्ये सामील झाला. किल्ल्याच्या अवशेषांत दुसऱ्या महायुद्धानंतर बाग उभी राहिली, तीही निवडुंग आणि घायपाताची. पाणी कमी, माती कमी, ऊन भरपूर. अशा जागी गुलाबाचा हट्ट धरला नाही हे बरंच झालं. बागेला तिकीट आहे, पण कॅप फेराचं टोक आणि खालचा किनारा एका नजरेत दिसतो, म्हणून ते काढावं. अठराव्या शतकातल्या पिवळ्या चर्चमध्येही डोकवावं. प्रवचनाच्या उंच मंचातून क्रूस धरलेला एक लाकडी हात बाहेर आलेला आहे. नुसता हात, बाकी माणूस नाही. पहिल्यांदा बघताना दचकायला होतं.

स्टेशनापासून गावापर्यंतची जुनी पायवाट आज नीत्शेच्या नावाने ओळखली जाते. आजारपणाने बेजार झालेला हा जर्मन तत्त्वज्ञ १८८३ पासून हिवाळ्यात नीसला येऊन राहत असे. ‘असे बोलला झरतुष्ट्र’च्या तिसऱ्या भागातलं एक महत्त्वाचं प्रकरण ही दमछाक करणारी चढण चढताना सुचलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. जो ही वाट चढलाय त्याला यात आश्चर्य वाटतं ते एवढंच, की या चढावर विचार करायला श्वास उरतो कसा!

आता वर ‘मधला कॉर्निश’ नावाच्या रस्त्याने बसगाड्या येतात आणि शत्रूला अडवणाऱ्या गल्ल्यांत अत्तरं, चित्रं आणि महागड्या हॉटेलांच्या पाट्या दिसतात. उन्हाळ्यात दुपारी तर मुंगीलाही वाट मिळत नाही. तेव्हा सकाळी लवकर बसने वर जावं, गाव पाहून पायवाटेने खाली उतरावं. तासाभरात स्टेशन येतं. बूट चांगले हवेत, पाणी सोबत हवं. पाऊस पडून गेला असेल तर मात्र नीत्शेला लांबूनच नमस्कार करून परतीचीही बसच पकडावी, कारण ओल्या चुनखडीवर पाय हमखास घसरतो.