प्रतिध्वनीचा अभाव : उच्च अक्षांशांवरील आयनांबराच्या निरीक्षणातील एक प्रश्न

ऊर्ध्व दिशेने सोडलेला रेडिओ-स्पंद आयनांबरावरून परावर्तित होऊन परत येण्यास लागणाऱ्या कालावधीवरून परावर्तक थराची उंची काढता येते. दोन-तृतीयांश मिलिसेकंदाचा विलंब सुमारे १०० किलोमीटर उंची दर्शवितो. स्पंदाची कंप्रता वाढवीत नेल्यास एका मर्यादेपलीकडे तो थर भेदून जातो. या क्रांतिक कंप्रतेवरून थरातील महत्तम इलेक्ट्रॉन-घनता निश्चित होते.

उच्च अक्षांशांवर मात्र या पद्धतीपुढे निराळीच अडचण उभी राहते. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात (१९३२-३३) ॲपलटन यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश पथकाने उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे निरीक्षणे केली. तीव्र चुंबकीय विक्षोभाच्या वेळी तेथे प्रतिध्वनी अजिबात मिळत नसत, असे आढळून आले. याचे दोन अर्थ संभवतात : एक तर परावर्तक थरच विरळ झाला असावा, किंवा त्याखाली तरंगांचे शोषण होत असावे. केवळ कोऱ्या नोंदीवरून यांपैकी एकाची निवड करता येत नाही.

हा निर्णय करण्यास रिओमीटर हे उपकरण उपयोगी पडते. आकाशगंगेतून येणारा रेडिओ-गोंगाट ते सुमारे ३० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर मोजते. थर विरळ झाला असता, तर हा गोंगाट क्षीण होण्याचे कारण नव्हते. परंतु अशा प्रसंगी तो क्षीण झालेला दिसतो. वेगवान इलेक्ट्रॉन, किंवा काही प्रसंगी सौर प्रोटॉन, ६० ते ९० किलोमीटर उंचीपर्यंत शिरून तेथील आयनीभवन वाढवितात. तेथे वायू दाट असल्याने इलेक्ट्रॉनांच्या रेणूंशी वारंवार टकरी होतात व तरंगाची ऊर्जा नष्ट होते.

हे शोषण स्थूलमानाने कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ३० मेगाहर्ट्‌झवर १ डेसिबेल शोषण झाले, तर ६ मेगाहर्ट्‌झवर ते सुमारे २५ डेसिबेल होईल. प्रतिध्वनीला हा मार्ग दोनदा आक्रमावा लागत असल्याने एकूण घट ५० डेसिबेल, म्हणजे शक्ती एक-लक्षांश उरते.

तेव्हा कोऱ्या नोंदी गाळून मासिक मध्यक काढणे धोक्याचे होय; त्यायोगे केवळ शांत काळाचेच चित्र हाती येते. याच कारणास्तव आंतरराष्ट्रीय संकेतानुसार शोषणामुळे मापन न झाल्यास ‘बी’ आणि उपकरणातील दोषासारख्या आयनांबरबाह्य कारणामुळे न झाल्यास ‘सी’ हे अक्षर लिहितात. प्रतिध्वनीचा अभाव हीदेखील एक नोंदच आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.