मोजणीतून उमलणारी चांदणी

वर्धा : पॅलेस्टिनी स्त्रियांच्या पारंपरिक झग्यावर लाल दोऱ्याने भरलेली आठ टोकांची चांदणी अनेकदा आढळते. जवळून पाहिल्यास ती बारीक बारीक फुल्यांची बनलेली दिसते. 'तत्रीझ' नावाच्या या भरतकामाला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हा टाका आपल्याला मात्र नवा नाही. मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचे रुमाल आपल्याकडे घरोघरी भरले गेले. सीमाभागात परिचित असलेल्या, इरकली लुगड्यांवरील कसुतीतही हाच टाका 'मेंथी' म्हणजे मेथी या नावाने नांदतो.

कसुती असो वा तत्रीझ, कापडावर नक्षी आधी छापलेली नसते. धागे मोजत ती उतरवली जाते. त्यामुळे कापडाची निवड महत्त्वाची ठरते.

कापड कसे पारखावे?

वर्ध्यात खादी सहज मिळते. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उद्घाटन झालेल्या येथील मगन संग्रहालयाने ग्रामोद्योगांची परंपरा जपली आहे. जाडसर, धागे सुटे दिसणारी खादी या कामास चालते. मात्र हातसूत कमी-अधिक जाड असू शकते. म्हणून एका इंचात उभे व आडवे धागे किती, हे आधी मोजावे. समजा, नक्षी ८० धाग्यांची आहे. इंचात उभे धागे ४० असतील, तर तिची रुंदी २ इंच होईल. आडवे धागे ३२ च असतील, तर उंची अडीच इंच होऊन चांदणी लांबट दिसेल. दोन्ही संख्या सारख्या असाव्यात.

चांदणी कशी भरावी?

कापडाची चौघडी घालून मध्य काढावा. दोन उभे व दोन आडवे धागे मिळून एक घर धरावे. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात पहिला तिरका टाका घ्यावा, त्यावर दुसरा उलट दिशेने. सर्व फुल्यांत वरचा टाका एकाच दिशेचा असावा. अन्यथा दोऱ्याची चमक तुटक दिसते.

पहिल्या ओळीत चार फुल्या घ्याव्यात. पुढच्या तीन ओळींतही चारच, पण प्रत्येक ओळ एक घर बाहेर सरकवावी. ही एक पाकळी झाली. तिचे प्रतिबिंब वाटावे अशी दुसरी पाकळी शेजारी भरली की एक चतुर्थांश भाग पूर्ण होतो. उरलेल्या तीन भागांत हेच करावे. एक घर चुकले तरी समोरची पाकळी जुळत नाही आणि टाके उसवावे लागतात.

पॅलेस्टाईनमध्ये नक्षीवरून स्त्रीचे गाव ओळखता येत असे. १९४८ मध्ये शेकडो गावे ओस पडली. निर्वासित छावण्यांत पोहोचलेल्या स्त्रियांनी ही नक्षी पुढे भरत ठेवली आणि गावाची ओळख झग्यावर टिकली. पहिल्या इंतिफादाच्या काळात ध्वजावर बंदी असताना त्याचे रंगही झग्यांवर भरले गेले.

अशी मोजणी आईकडून मुलीकडे जाते. एक पिढी थांबली की ती तुटते. आठ पाकळ्यांच्या या लहानशा चांदणीत १२८ फुल्या, म्हणजे २५६ तिरके टाके असतात. यंत्रावरील भरतकामाच्या दराशी तिची तुलना झाली, तर कोणतीही स्त्री ती फार काळ भरणार नाही. किंमत ठरवताना कापड व दोऱ्यासोबत या टाक्यांचाही हिशेब धरला, तरच ही मोजणी पुढच्या हातांत जाईल.