अस्तराच्या तळाची वाट

जिल्हा मुख्यालयाच्या कामासाठी ओरोसला आलेला माणूस परतताना बाजारही करतो. मग एकाच पिशवीत कागदपत्रं आणि शेंडीसकट नारळ. मार्च २०१८मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून ती पिशवी कापडी असणंच बरं. पण कोकणातल्या पावसात आतल्या उघड्या माया ओलसर राहतात, दोरे सुटतात, नारळाची शेंडी त्यांत अडकते. म्हणून अस्तर लावावं, आणि उघडी कड कुठेच उरू देऊ नये.

अस्तराचं सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. न भिजवलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि पिशवीचं तोंड चुण्या धरतं. मग दोन्ही कापडं एकाच मापाची कापावीत. बाहेरच्या पिशवीला तिन्ही बाजूंनी १ सेंटिमीटर माया ठेवून टीप मारावी. अस्तराला तोंडाशी तेवढीच माया, पण खाली उतरताना ती दीड सेंटिमीटर करावी. आतली पिशवी किंचित लहान नसेल तर अस्तर तळाशी गोळा होतं.

खरी युक्ती अस्तराच्या तळाशी आहे. पिशवी सुलट करायला तिथे वाट लागते, म्हणून मधला भाग न शिवता सोडण्याची पद्धत आहे. चालतं, पण नंतर ती कड वेडीवाकडी दुमडते. त्यापेक्षा तळाची टीप सलग मारावी, फक्त मधल्या १२ सेंटिमीटरांत टाका मशीनवर जमेल तितका लांब ठेवावा. या भागाच्या अलीकडे आणि पलीकडे मागेपुढे शिवून टीप पक्की करावी. माया दोन्हीकडे उघडून कडक इस्त्री फिरवावी आणि मगच लांब टाके उसवावेत. वाट मोकळी होते, घडी मात्र कापडात बसलेली राहते.

आता बाहेरची पिशवी सुलट करून उलट्या अस्तरात घालावी; दोन्ही सुलट बाजू समोरासमोर येतात. पिशवीचे बंद दोन कापडांच्या मध्ये, आत लोंबते ठेवावेत, टोकं तोंडाच्या कडेशी. तोंडावर गोल टीप मारावी, बंदांवर दोनदा, कारण सगळा भार तिथेच येतो. मग तळाच्या वाटेतून पिशवी बाहेर ओढावी. कापड जाड असेल तर वाट १५ सेंटिमीटरची हवी.

वाटेच्या कडा आता आपणहून आत वळतात. हाताने बारीक टाके घालून ती बंद करावी. अस्तर आत ढकलून तोंडाला इस्त्री करावी आणि कडेलगत वरून एक टीप मारावी, म्हणजे अस्तर बाहेर डोकावत नाही. पुढे एखादा बंद सुटलाच, तर वाटेचे हे टाके उसवून आतून दुरुस्ती करता येते.