फाईलचं नाव कुठून कापायचं?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं खांडबारा हे नवापूर तालुक्यातलं गाव. समजा, तिथल्या एका कार्यकर्त्याने वनहक्क दाव्यांचे कागद स्कॅन करून संगणकात ठेवले आहेत. २००६ च्या कायद्याप्रमाणे आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे यातला एकेक कागद लाखमोलाचा.

आता अशा शेकडो फायलींच्या नावांतून आडनाव, गट क्रमांक आणि तारीख वेगळी काढून यादी करायची आहे. एक नाव पाहू या: ‘दावे/खांडबारा/गावित_४५-२_१२.०७.२००८.पीडीएफ’. सातबारावर आपण ४५/२ असं लिहितो, इथे मात्र ४५-२ का? कारण तिरपी रेघ ही संगणकाच्या लेखी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाण्याचं दार. फाईलच्या नावात ती चालत नाही.

युनिक्स आणि त्याच्या घराण्यातल्या लिनक्ससारख्या प्रणालींत ‘शेल’ नावाचा दुभाष्या असतो. आपण रोमन लिपीत आज्ञा टंकायची, त्याने ती पार पाडायची. शेलचे प्रकार अनेक, पण १९९२ मध्ये ‘पॉझिक्स’ मानकाने त्यांची समाईक भाषा ठरवून दिली. तेवढीच वापरली, तर जुन्या-नव्या कुठल्याही अशा यंत्रावर काम होतं. इंटरनेट नको, काही विकत घ्यायला नको.

यातल्या दोन आज्ञा अगदी सोप्या. ‘डिरनेम’ कप्प्याचा पत्ता देते: दावे/खांडबारा. ‘बेसनेम’ पत्ता गाळून फक्त फाईलचं नाव देते.

पुढची कापाकापी शेल स्वतःच करतो. डॉलरचं चिन्ह, मग महिरपी कंस, कंसात नाव ठेवलेल्या चलाचं नाव, त्यापुढे हॅश किंवा टक्का आणि शेवटी काय कापायचं त्याचा नमुना. हॅश डावीकडून कापतो, टक्का उजवीकडून. लक्षात ठेवायची खूण कळफलकावरच आहे: डॉलरच्या डाव्या हाताला हॅश, उजव्या हाताला टक्का!

चिन्ह एकदा दिलं तर कमीत कमी भाग कापला जातो, दोनदा दिलं तर जास्तीत जास्त. टक्का, टिंब आणि तारा दिला, की फक्त ‘.पीडीएफ’ ही शेपटी जाते. टक्का दोनदा दिला, तर कात्री पहिल्या टिंबापाशी चालते आणि तारखेचे फक्त ‘१२’ उरतात. टिंबाऐवजी खालची रेघ देऊन दोनदा टक्का दिला, तर मात्र हवं ते ‘गावित’ हाती येतं.

आता धोके. कप्प्याचं नाव ‘दावे.जुने’ असेल आणि आतल्या फाईलला शेपटीच नसेल, तर टिंबावरची कात्री कप्प्याच्या नावावर चालते. म्हणून आधी बेसनेम, मग कात्री. दुसरं, नावात मोकळी जागा असेल तर शेल एका नावाची दोन नावं समजतो. म्हणून चल नेहमी दुहेरी अवतरणात ठेवावा.

सर्वांत मोठा धोका नाव बदलताना असतो. एका गावात एका आडनावाची अनेक घरं असतात. फाईलला नुसतं ‘गावित’ असं नवं नाव दिलं, तर ‘एमव्ही’ ही आज्ञा सहसा काही न विचारता दुसऱ्याची फाईल पहिल्याच्या जागी ठेवते. पहिल्याचा पुरावा गेला! म्हणून आधी ‘एको’ आज्ञेने नवी नावं फक्त पडद्यावर उमटवून तपासावीत. मग ‘एमव्ही’ला ‘उणे आय’ जोडावं, म्हणजे जुनी फाईल पुसण्याआधी संगणक विचारतो. आणि मूळ फायलींची एक प्रत वेगळी ठेवावीच.

संगणकाला गावित कोण, हे ठाऊक नसतं. त्याला फक्त टिंब आणि रेघ दिसते. त्यामागचा माणूस आपणच लक्षात ठेवायचा असतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)