वीस अधिक वीस किती?

लालबागच्या एका केशकर्तनालयात काम करणारा माझा जुना विद्यार्थी परवा भेटला. म्हणाला, "सर, एक शंका आहे. एका काकांचे पांढरे केस काळे करायचे होते. रंग लवकर चढावा म्हणून ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर शोधला, तर तो संपलेला. २०च्या दोन बाटल्या एकत्र ओतल्या तर ४०चा होईल ना?"

मी उलट विचारले, "३० अंशांचे दोन पेले पाणी एकत्र केले, तर ते ६० अंशांचे होईल का?"

तो हसला. पण ४० म्हणजे नेमके कशाचे ४०, हा प्रश्न उरलाच. विद्यार्थी मित्रहो, त्याचेच उत्तर आज शोधू.

आकडा कशाचा?

डेव्हलपर म्हणजे मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाण्यातील द्रावण. थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली हा पदार्थ शोधला. पाण्याच्या रेणूपेक्षा याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो आणि तो सहज सुटतो. दोन रेणू फुटले की पाण्याचे दोन रेणू आणि ऑक्सिजन वायूचा एक रेणू मिळतो.

आता गणित करू. ६८ ग्रॅम पेरॉक्साइडपासून प्रमाण तापमान व दाबाला २२.४ लिटर ऑक्सिजन मिळतो. ३ टक्क्यांच्या एक लिटर द्रावणात ३० ग्रॅम पेरॉक्साइड असते. म्हणून ऑक्सिजन मिळेल ३० × २२.४ ÷ ६८, म्हणजे ९.९ लिटर. द्रावण एक लिटर, वायू सुमारे दहा लिटर. म्हणून हे '१० व्हॉल्यूम'. याच हिशेबाने २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ टक्के आणि ४० म्हणजे १२ टक्के. हा आकडा तीव्रतेचा आहे. तापमानाप्रमाणेच तीव्रतांची बेरीज होत नाही, सरासरी निघते.

मिसळण्याचे गणित

४०चे ५० मि.लि. आणि २०चे ५० मि.लि. एकत्र केले तर ३०चे १०० मि.लि. होते. ४०चे तीन भाग आणि पाण्याचा एक भाग घेतला तरी ३०च येते. मात्र पाण्याचा हा हिशेब कागदावरच ठेवावा. नळाच्या पाण्यातील लोह, तांबे यांचे अंश पेरॉक्साइड फोडतात. शिवाय ते टिकावे म्हणून घातलेले आम्ल व इतर द्रव्येही विरळ होतात.

रंगाची क्रीम आणि २०चा डेव्हलपर समभाग घेतले की मिश्रणाची तीव्रता १०च्या आसपास येते. वेष्टनावर दिलेले प्रमाण याचा विचार करूनच ठरवलेले असते. अंदाजाने ओतले की सारा हिशेब चुकतो.

केसात काय घडते?

क्रीममधील अमोनियामुळे केसावरचे खवले फुगून उघडतात. रंगाचे मूळ रेणू लहान व रंगहीन असतात; ते आत शिरतात. तेथे पेरॉक्साइड त्यांचे ऑक्सिडीकरण करते, ते एकमेकांना जोडले जातात आणि मोठे, रंगीत रेणू तयार होतात. ते धुतल्याने निघत नाहीत.

पेरॉक्साइडचे दुसरे काम म्हणजे केसातील मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य फिके करणे. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा कापड गिरणीत असतील, तर 'ब्लिचिंग खाते' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मागावरून उतरलेले पिवळसर कोरे कापड शुभ्र करण्यासाठीही पेरॉक्साइड वापरतात. १९५४ साली स्थापन झालेल्या नॅशनल पेरॉक्साइड कंपनीने कल्याणला याचाच कारखाना उभारला.

मग कोणता आकडा निवडावा? काळे केस बरेच उजळायचे असतील तरच ३० किंवा ४०चा विचार होतो. ४०चा डेव्हलपर टाळूला लागला तर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. पांढऱ्या केसात फिके करण्यासारखे मेलॅनिन उरलेलेच नसते. तेथे फक्त रंग घडवायचा असतो आणि त्याला सहसा २० पुरते. आकडा वाढवल्याने केस अधिक काळे होत नाहीत. कमकुवत मात्र होतात. डेव्हलपर सौम्य असला तरी रंगातील द्रव्याची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे आधी त्वचेवर चाचणी घ्यावी.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा लावून, औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे ५ मि.लि. पेरॉक्साइड परीक्षानळीत घ्या. त्यात कच्च्या बटाट्याचे बारीक तुकडे टाका. बटाट्यातील विकर उत्प्रेरकाचे काम करते. बुचातून काढलेल्या नळीने वायू पाण्यावर उलट्या धरलेल्या मोजपात्रात जमवा. नळीचे दुसरे टोक कधीही बंद करू नका. दाबाने बूच उडेल. प्रमाण तापमानाला सुमारे ५० मि.लि. वायू मिळायला हवा; वर्गातल्या २७ अंशांना तो प्रसरण पावून ५४च्या आसपास भरेल. फारच कमी भरला, तर बाटली जुनी झाली असे समजा.

हे सारे ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे ४०ची बाटली संपली, हे काकांच्या टाळूचे नशीबच!"

नशिबावर कशाला सोडायचे? आकडा कशाचा आहे, एवढे आधी विचारले की पुरे.